रस्त्यावरची जुनी मोटार : दर्शन, छायाचित्र आणि परिग्रह

शहराच्या रोजच्या रहदारीत अवचित दिसलेल्या जुन्या, वेगळ्या मोटारीचे छायाचित्र घेणे हा जगभर चालणारा छंद आहे. यात मोटार विकत घ्यायची नसते, चालवायची नसते, दुरुस्तही करायची नसते. गल्लीच्या तोंडाशी, गॅरेजच्या दारात किंवा सिग्नलला ती जशी दिसली तशी पाहायची आणि पाहिल्याची खूण ठेवायची, एवढाच त्याचा आवाका. वरवर हा करमणुकीचा विषय वाटतो. पण धर्मचिंतनात फार पूर्वीपासून विचारला गेलेला एक प्रश्न त्यात आहे. पाहणे कुठे संपते आणि मिळवणे कुठे सुरू होते?

या प्रश्नाचे तीन भाग पडतात. जी पाहिली ती वस्तू नेमकी कोणती? पाहणे म्हणजे काय घडते? आणि छायाचित्र घेतल्यावर पाहणाऱ्याच्या हाती काय येते, त्यावर त्याचा हक्क किती? या विचाराला लागणारी सामग्री कोल्हापुरात एकाच शहराच्या परिसरात सापडते. राजघराण्याची मोटार, लेथवर सुटे भाग घडवणारे कारखाने, देशी कॅमेऱ्याचा इतिहास, अंबाबाईच्या दर्शनाची परंपरा आणि जैनांचा अपरिग्रहविचार हे सारे येथे शेजारी शेजारी नांदते.

जुनी मोटार कोणती?

जुनेपणाची व्याख्या कायद्याने केलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क 5,000 रुपये. अशा गाडीच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर पडू शकते. ऐतिहासिक वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ 1966 मध्ये स्थापन झाला. त्याची व्याख्याही याच दिशेने जाते : किमान 30 वर्षे जुने, इतिहासाशी प्रामाणिक राहून जतन केलेले आणि दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन.

म्हणजे नियमाच्या दृष्टीने वारसा आणि वापर यांचे एकत्र जमत नाही. वारसा ठरलेली गाडी रोजच्या रस्त्यावरून उठते. जी रोज रस्त्यावर असते तिला वारशाचा दर्जा नसतो. रस्त्यावरच्या मोटारींचे छायाचित्र घेणाऱ्याचा विषय या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतो. ही गाडी जुनी आहे, पण अजून निवृत्त झालेली नाही. तिच्यातून कोणी भाजी आणतो, कोणी मुलांना शाळेत सोडतो, कोणी लग्नाला जातो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करून ती आपले साधे आयुष्य पुढे ढकलत असते.

कोल्हापूरच्या पेठांत, राजारामपुरीच्या गल्ल्यांत किंवा ताराबाई पार्कातल्या जुन्या बंगल्यांपुढे अशी गाडी दिसली, तर ती बहुधा देशात घडलेली असते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात 1954 पासून फियाट 1100 तयार होऊ लागली. तिचेच पुढचे रूप 1974 पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखले गेले. मॉरिस ऑक्सफर्डवरून उतरलेली अँबेसिडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 2014 पर्यंत बनत राहिली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड, महिंद्राची विलीज जीप, पहिल्या पिढीतली मारुती 800 याही याच पंगतीतल्या. वाहनांच्या पाट्यांवर ‘एमएच 09’ अशी राज्य आणि जिल्हा दाखवणारी मांडणी 1989 पासूनची. त्याआधीच्या पाटीची अक्षरे वेगळी असतात. जाणकार नजर बोनेटच्याही आधी पाटीकडे जाते ती यासाठी.

या गाड्या आपल्या काळात मुळीच दुर्मीळ नव्हत्या. फियाट आणि अँबेसिडर यांच्यापलीकडे गिऱ्हाइकाला फारशी निवडच नसल्यामुळे त्याच सर्वांत सामान्य होत्या. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनीची नोंद 29 ऑक्टोबर 2003 ची होती. टॅक्सीसाठी असलेली 20 वर्षांची मुदत संपल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या अधिकृत ताफ्यातून गेली. शहरभर दिसणारी, म्हणून कोणीच न पाहणारी गाडी काही वर्षांत मान वळवून पाहण्याची झाली. गाडीचा पत्रा, आकार, आवाज तेच राहिले. भोवतालच्या तिच्यासारख्या इतर गाड्या नाहीशा झाल्या. दुर्मीळपणा हा वस्तूचा अंगभूत गुण नसून वस्तू आणि तिचा परिसर यांच्यातला संबंध आहे, हा या विषयातला पहिला तात्त्विक मुद्दा होय.

राजवाड्यातली मोटार आणि गल्लीतली मोटार

कोल्हापूरची सर्वांत प्रसिद्ध जुनी मोटार म्हणजे छत्रपती घराण्याची मेबॅक. विल्हेल्म मेबॅक आणि त्यांचे पुत्र कार्ल यांनी 1909 मध्ये जर्मनीत सुरू केलेली ही कंपनी आधी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनवत असे. 1921 ते 1941 या काळात तिने मोटारीही बनवल्या. त्यांची एकूण संख्या दोन हजारांच्याही आत राहिली. बहुतेक वेळा कंपनी चासी आणि इंजिन देई, बॉडी वेगळा कारागीर चढवी. त्यामुळे एक मेबॅक दुसरीसारखी असेलच असे नाही. कोल्हापूरची मेबॅक राजाराम महाराजांच्या काळातली. त्यांची कारकीर्द 1922 ते 1940 अशी होती. संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तरी ही मोटार घराण्याकडे राहिली.

दसऱ्याच्या संध्याकाळी ती रस्त्यावर येते. अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या दसरा चौकात आलेल्या असतात; छत्रपती घराण्यातील मंडळी मेबॅकमधून तेथे येतात; सूर्यास्ताला शमीपूजन होते आणि मग लोक आपट्याची पाने, म्हणजे सोने, लुटतात. त्या दिवशी मेबॅककडे सगळ्यांचेच कॅमेरे वळतात. तरीही हे छायाचित्र आणि एखाद्या मंगळवारी दुपारी उद्यमनगरात दिसलेल्या स्टँडर्ड हेराल्डचे छायाचित्र ही एकाच जातीची नव्हेत. मेबॅक पाहण्यासाठीच बाहेर आणलेली असते. तिचा दिवस, वेळ आणि वाट ठरलेली असते. हेराल्ड कोणाला दिसावी म्हणून तेथे उभी नसते.

हा फरक कोल्हापूरकरांना दुसऱ्या एका क्षेत्रातून परिचित आहे. गाभाऱ्यातली अंबाबाईची मूलमूर्ती हलत नाही. तिच्याकडे भक्ताने जायचे असते. उत्सवमूर्ती मात्र बाहेर पडते. नवरात्रात अष्टमीच्या रात्री ती नगरप्रदक्षिणेला निघते आणि आपल्या दारात उभ्या असलेल्या माणसालाही दर्शन घडते. संग्रहालयातली मोटार मूलमूर्तीसारखी स्थिर असते आणि दसऱ्याची मेबॅक उत्सवमूर्तीसारखी ठरल्या दिवशी निघते. रोजच्या रस्त्यावरची जुनी गाडी या दोन्हींत बसत नाही. तिला पूजा नाही, मिरवणूक नाही, पुजारी नाही. तिच्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी सर्वस्वी पाहणाऱ्यावर पडते. म्हणून पाहण्याच्या स्वरूपाचा विचार करायला तीच अधिक उपयोगी आहे.

तीच गाडी कशावरून?

पाहिलेली वस्तू कोणती, हा प्रश्न जुन्या मोटारीच्या बाबतीत सोपा नाही. साठ वर्षे रस्त्यावर टिकलेल्या गाडीत मूळचे किती उरलेले असते? टायर, बॅटरी, वायरिंग, सीटची कव्हरे कितीदा तरी बदललेली असतात. खालचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडलेला असतो. कंपनी बंद पडल्यावर सुटे भाग मिळेनासे होतात, आणि मग मिस्त्री ते घडवून घेतो. कोल्हापुरात हे सहज होऊ शकते, कारण शहराला शेती-अवजारे, ऑइल इंजिने, ओतकाम आणि यंत्रकाम यांची मोठी परंपरा आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी तिचा पाया घातला. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथल्या फाउंड्रींत आजही मोटारींचे भाग ओतले जातात. ज्या गावात बुश, पिन किंवा ब्रॅकेट नमुन्यावरून लेथवर काढून मिळते, तेथे गाडी भंगारात जायची घाई करत नाही. पण भाग असे बदलत गेले, तर शेवटी जी उभी असते ती तीच गाडी असते का?

ग्रीक परंपरेत प्लुटार्कने थीसिअसच्या जहाजाच्या निमित्ताने हा प्रश्न नोंदवला. भारतीय परंपरेत तो वाहनाच्याच रूपात येतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, दांडा, लगाम यांतले कोणते एक म्हणजे रथ? यांतले कोणतेच रथ नव्हे आणि यांच्यावेगळाही रथ सापडत नाही, असे राजाला मान्य करावे लागते. ‘रथ’ हे भागांच्या विशिष्ट जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव ठरते. नागसेनाचा खरा रोख माणसाच्या ‘मी’कडे आहे, पण मोटारीला हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो.

न्याय-वैशेषिक दर्शनांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ खरोखर अस्तित्वात असतो आणि तो अवयवांत समवाय संबंधाने राहतो. म्हणूनच रथाचा एक भाग ओढला की सबंध रथ ओढला जातो. मात्र या भूमिकेची किंमतही मोठी आहे. वस्त्रातला एक धागा निघाला तरी आधीचे वस्त्र नष्ट होऊन नवे वस्त्र उत्पन्न झाले, असे तिला म्हणावे लागते. या हिशेबाने दर दुरुस्तीनंतर गॅरेजमधून नवीच गाडी बाहेर पडते, आणि ‘हीच ती’ या ओळखीचा खुलासा वेगळा द्यावा लागतो.

जैन दर्शन तिसरा मार्ग घेते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार जे जे सत् आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य ही तिन्ही एकाच वेळी असतात. पर्याय बदलतात, द्रव्य टिकते. शिवाय कोणतेही विधान एका दृष्टिकोनातून, म्हणजे एका नयातून केलेले असते. रंगाच्या दृष्टीने ही गाडी नवी, चासीच्या दृष्टीने जुनी, आरसी बुकाच्या दृष्टीने तीच, घरच्या आठवणीच्या दृष्टीने आजोबांची. यांपैकी एकच विधान खरे आणि बाकीची खोटी, असा आग्रह धरला की वाद सुरू होतो. जुन्या मोटारींच्या जगात ‘ओरिजिनल’ या शब्दावरून जी भांडणे होतात, ती बहुतेक वेळा नय न सांगता केलेल्या विधानांची असतात.

हा प्रश्न कोल्हापुरात मोटारींहून फार गंभीर पातळीवर विचारला गेला आहे. अंबाबाईच्या मूळ मूर्तीची झीज झाल्यामुळे तिचे काय करावे, यावर अनेक वर्षे चर्चा झाली. अखेर 2015 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी मूर्तीचे रासायनिक संवर्धन केले. जीर्णोद्धाराच्या शास्त्रात अशा कामाआधी देवतेचे तत्त्व विधिपूर्वक कलशात नेण्याची आणि काम झाल्यावर परत आणण्याची योजना आहे. तिच्यामागचा विचार स्पष्ट आहे. मूर्तीचा दगड आणि मूर्तीतले देवत्व यांचे नाते घट्ट असले तरी ती दोन्ही एकच नव्हेत, आणि द्रव्याला हात लावताना ही जाणीव सुटता कामा नये. मोटारीत देवत्व नसते. पण संवर्धन आणि नूतनीकरण यांत फरक करायला हवा हे सूत्र तिलाही लागू आहे. ‘फिवा’च्या तुरिन सनदेतही जतन, संवर्धन आणि पुनर्स्थापन यांत भेद केला आहे आणि कमीत कमी हस्तक्षेपाला प्राधान्य दिले आहे.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. शोरूममधून निघाल्यासारख्या चकचकीत गाडीपेक्षा जिच्या अंगावर दुरुस्त्यांचे थर दिसतात, एका दाराचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही, जिला परक्या गाडीचे आरसे लावलेले आहेत, ती गाडी अधिक सांगते. उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य ही तिन्ही तिच्यात एकदम दिसतात.

पाहणे म्हणजे काय?

भारतीय धर्मजीवनात पाहणे ही नुसती इंद्रियक्रिया नाही. दर्शनात भक्त देवाला पाहतो तसा देवही भक्ताला पाहतो. दर्शनाला स्पर्श लागतोच असे नाही. पंढरपुरात पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला आतही जाता येत नाही तो कळसाला हात जोडतो आणि त्याची वारी पुरी होते. दुरून, काहीही हातात न घेता झालेली भेट पूर्ण मानण्याची ही रीत आहे.

दर्शनाला काळाचीही अट असते. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव हे त्याचे उत्तम उदाहरण. जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी, तसेच नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गरुडमंडप ओलांडून गाभाऱ्यात पोहोचतात आणि एकापाठोपाठच्या दिवसांत चरण, कंबर, मुख अशी चढत जातात. ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असले, वाटेतल्या बांधकामांचा अडथळा झाला, तर किरणे मध्येच थांबतात. मूर्ती तीच, सूर्य तोच. घडते ते दोघांच्या मिळून आलेल्या योगाने. हा योग कोणाच्या मालकीचा नसतो आणि साठवूनही ठेवता येत नाही.

रस्त्यावर जुनी मोटार दिसणे हा धार्मिक अर्थाने योग नव्हे. पण त्याची रचना अशीच असते. गाडी गेली अनेक वर्षे शहरात असेल, पाहणाराही असेल. दोघे एका वळणावर, पुरेशा उजेडात, मध्ये बस किंवा रिक्षा नसताना समोरासमोर येणे ही वेगळी घटना आहे. प्रदर्शनात हे नसते. तेथे तिकीट काढले की दिसण्याची हमी असते. रस्त्यावर हमी नसल्यामुळे लक्ष जागे ठेवावे लागते. या छंदाचे आध्यात्मिक म्हणता येईल असे फळ कोणते, तर हे जागेपण. एक दुर्मीळ गाडी शोधणारा डोळा वाटेत शंभर साध्या गोष्टी पाहतो : वाड्याची तुळई, दुकानाची जुनी पाटी, फुटपाथवर बसलेला चप्पल शिवणारा.

कॅमेरा या जागेपणाला मदत करतो की मारक ठरतो? याचे उत्तर कॅमेऱ्याच्या स्वरूपात शोधावे लागते. छायाचित्र हे वस्तूवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने उमटवलेले चिन्ह असते. चित्रकाराला न पाहिलेली मोटार काढता येते; कॅमेऱ्याला समोर नसलेली मोटार टिपता येत नाही. रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने 1980 च्या आपल्या पुस्तकात छायाचित्राचे सारे बळ याच साक्षीत मानले. त्यानेच 1957 मध्ये सित्रोएन डीएस या मोटारीवर लिहिताना मोटारींची तुलना मध्ययुगीन गॉथिक कॅथेड्रलांशी केली होती. अनामिक कारागिरांनी मन ओतून घडवलेली आणि सबंध समाजाने प्रतिमा म्हणून स्वीकारलेली वस्तू, हे त्याला दोन्हींतले साम्य वाटले.

कोल्हापुरात या साक्षीच्या यंत्राला आणखी एक संदर्भ आहे. बाबूराव पेंटर (1890–1954) यांनी परदेशी कॅमेरा परवडत नसताना सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःचा चलत्‌चित्र कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आणला. ज्या गावाने कॅमेरा विकत घेण्याआधी घडवून पाहिला, त्या गावात कॅमेरा आणि मोटार ही दोन्ही कारागिराच्या हाताखालून गेलेली यंत्रे आहेत. खंडेनवमीला हत्यारे आणि अवजारे पूजेला बसतात; दसऱ्याला गाड्यांना झेंडूच्या माळा पडतात. यंत्राविषयीचा हा आदर लक्षात घेतला, तर कॅमेरा म्हणजे नजरेवरचे आक्रमण आणि मोटार म्हणजे निव्वळ उपभोग, अशी सरसकट मांडणी येथे टिकत नाही.

छायाचित्र आणि परिग्रह

तरी आक्षेप उरतोच. सुझन सोंटॅग यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रणावरील निबंधांत म्हटले, की एखाद्या गोष्टीचे छायाचित्र घेणे म्हणजे ती एका अर्थी आपल्या ताब्यात घेणे. पाहणे आणि मिळवणे यांतली सीमा कॅमेरा पुसून टाकतो, असा या आक्षेपाचा अर्थ. मोटारींच्या छंदात तो सहज पटतो. याद्या होतात, कोणाला कोणती गाडी आधी सापडली याची चढाओढ लागते, राहून गेलेल्या मॉडेलची हुरहूर लागते. गाडी विकत न घेताही संग्रहाची हाव पुरी वाढू शकते.

या आक्षेपाचे मोल ठरवायला जैनांचा अपरिग्रहविचार उपयोगी पडतो. तो कोल्हापूरच्या मातीतला आहे. शहरात लक्ष्मीसेन भट्टारकांचे पीठ आहे. हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबलीचे क्षेत्र आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवे तेज देणारे आचार्य शांतिसागर (1872–1955) जवळच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या भोज परिसरातले. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. वस्तूविषयीची मूर्च्छा, म्हणजे ‘हे माझे’ ही गुंग करणारी आसक्ती, हाच परिग्रह. या व्याख्येचे दोन परिणाम आहेत. घरात एकही मोटार नसलेला माणूस मोटारींच्या बाबतीत परिग्रही असू शकतो. आणि हातात वस्तू असलेला माणूस अपरिग्रही असू शकतो.

दुसऱ्या परिणामाचे उदाहरण दिगंबर मुनीच देतात. ते वस्त्रही ठेवत नाहीत. पण मोरपिसांची पिंछी, कमंडलू आणि शास्त्र बाळगतात. पिंछीने जीवजंतू हळुवार बाजूला करता येतात, कमंडलूतल्या पाण्याने शुद्धी होते, शास्त्राने ज्ञान मिळते. यांना परिग्रह न म्हणता उपकरण म्हणतात, कारण ती व्रतपालनासाठी असतात आणि त्यांच्यावर मालकीचा भाव नसतो. पिंछीचाही मोह पडला तर ती परिग्रहच होईल.

हाच भेद कॅमेऱ्याला लावता येतो. ज्याच्या हाती कॅमेरा नीट पाहण्याचे साधन आहे, त्याच्या हाती ते उपकरण आहे. अशा छायाचित्रात गाडीभोवतीची गल्ली, भिंत, माणसे, उजेड, दिवसाची वेळ येते, कारण त्याला घडलेली भेट नोंदवायची असते. ज्याच्या हाती तो मोजणीचे हत्यार झाला, त्याच्या छायाचित्रांतून परिसर गळत जातो आणि सुटी गाडी उरते. कॅटलॉगमधले चित्रही तेवढेच देते. गृहस्थासाठी जैन परंपरा संपूर्ण त्यागाची अपेक्षा करत नाही. परिग्रह-परिमाण, म्हणजे आपणहून घातलेली मर्यादा, एवढे अणुव्रत सांगते. छंदालाही अशी मर्यादा घालता येते : एका गाडीची दहा नव्हे, एक-दोनच छायाचित्रे, पाठलाग नाही, दिसली नाही तर खंत नाही.

दुसऱ्याची वस्तू

शेवटचा भाग मालकाचा. रस्त्यावर उभी असलेली गाडी सर्वांना दिसते. ती सर्वांची नसते. सार्वजनिक जागेत छायाचित्र घेण्यावर भारतात सरसकट बंदी नाही. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले आहे. या दोहोंच्या मधली जागा शिष्टाचाराने भरायची असते आणि तेथे अस्तेयाचे तत्त्व लागू पडते. अस्तेय म्हणजे चोरी न करणे एवढेच नव्हे. न दिलेले न घेणे. गाडीचे बाह्य रूप रस्त्याने दिलेले आहे. तिच्या आत डोकावून टिपलेले सामान, घराचा पत्ता सांगणारा कोपरा, चालवणाऱ्याचा चेहरा हे दिलेले नाही. मालक जवळ असेल तर विचारावे. ‘मामा, गाडीचा एक फोटो काढू का?’ एवढ्या प्रश्नाने पाहणे एकतर्फी राहत नाही, आणि बहुतेकदा गाडीचा इतिहासही त्याच्या तोंडूनच कळतो.

यात आणखी एक बारकावा आहे. प्रत्येक जुनी गाडी हौसेने ठेवलेली नसते. एखाद्याकडे नवी घ्यायला पैसे नसतात म्हणून तो जुनी चालवत असतो. त्याच्या अडचणीला ‘वारसा’ म्हणून मिरवणे हा पाहणाऱ्याचा अविवेक ठरेल. तसेच छायाचित्राबरोबर ठिकाण जाहीर झाले की दलाल दारात येतात, सुट्या भागांवर डोळा असणारेही येतात. म्हणून पाटीचे आकडे झाकणे आणि नेमकी जागा न सांगणे हे अहिंसेचेच लहानसे पालन आहे.

अहिंसेचा मुद्दा येथे थांबत नाही. भारतात वाहनांच्या धुरावर टप्प्याटप्प्याने मर्यादा आल्या आणि एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 निकष लागू झाले. जुनी गाडी किलोमीटरमागे कितीतरी अधिक प्रदूषण करते. मग तिच्या टिकण्यात आनंद मानणे योग्य आहे का? एका बाजूला असे म्हणता येते, की नवी गाडी बनवायलाही पोलाद, वीज आणि पाणी लागते. दुरुस्त करून वापरणे ही काटकसरच आहे. दुसऱ्या बाजूला, आठवणीचा आनंद एकाला आणि धूर दुसऱ्याच्या फुप्फुसात, ही वाटणी न्याय्य नाही. येथेही नयभेदाची, म्हणजे जैनांच्या अनेकान्ताची, रीत लागू होते : दोन्ही विधाने आपापल्या नयात खरी आहेत आणि निर्णय वापराच्या प्रमाणावर ठरतो. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जाणारी फियाट आणि रोज दिवसभर वडापच्या फेऱ्या करणारी धुरकट जीप यांना एकच न्याय लावता येणार नाही. छायाचित्र घेणाऱ्याने गाडी रस्त्यावरच राहावी असा हट्ट धरण्याचे कारण नाही. गाडी भंगारात गेली, तरी ती त्या दिवशी त्या गल्लीत होती ही साक्ष खोटी होत नाही.

आरंभीच्या तीन प्रश्नांची उत्तरे यातून हाती येतात. पाहिलेली वस्तू म्हणजे बदलत्या भागांतून टिकलेली, परिसरामुळे दुर्मीळ ठरलेली आणि अजून वापरात असलेली गाडी. पाहणे म्हणजे वस्तू, जागा, वेळ आणि लक्ष यांचा जुळून आलेला योग; त्यावर मालकी सांगता येत नाही. आणि छायाचित्र हे त्या योगाची साक्ष म्हणून राहिले, तोवर ते उपकरण असते. ‘ही माझ्याकडे आहे’ हा भाव त्यात शिरला की ते परिग्रह होते. पाहणे आणि मिळवणे यांच्यातली सीमा कॅमेऱ्याच्या यंत्रात नाही, ती वापरणाऱ्याच्या वृत्तीत आहे, आणि ती प्रत्येक छायाचित्रागणिक नव्याने पाळावी लागते.